माउंटन बाइकच्या पुढच्या सस्पेन्शन फोर्कची सर्व्हिसिंग मुंबईत घरी करता येते का, की दुकानातच द्यावी लागते?

येते. लोअर्सची, म्हणजे फोर्कच्या खालच्या, चाक धरणाऱ्या नळ्यांची सर्व्हिसिंग घरच्या गॅलरीत रद्दी पसरून सकाळच्या वेळात आटपते. "साहेब, हे घरी होत नाही, फोर्क बाद होईल" असं दुकानदार म्हणाल्याचं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, तेवढ्यासाठी उत्तर लिहायला बसलो. हेच वाक्य मला ज्याने ऐकवलं, त्याने माझा फोर्क उघडलासुद्धा नव्हता.

माझी हार्डटेल आहे, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली. फोर्क रॉकशॉक्स कंपनीचा, एअरवाला, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा. राहतो मुलुंडला. रविवारी ठाण्याच्या उपवनवरून येऊरच्या जंगलात, कधी आरे. पावसाळ्यात येऊरचा लाल चिखल सीलवर कसा थापला जातो हे तुम्हाला सांगायला नको. एका वर्षी पाऊस संपता संपता फोर्क अडकायला लागला. बारीकसारीक दगडांवर ढिम्म हलायचा नाही आणि मोठा खड्डा आला की धाडकन खाली. मी घरीच उघडणार होतो, पण आमचे भाऊजी मध्ये पडले. ताईचे यजमान, सायकलचं वेड मला त्यांनीच लावलं. म्हणाले, "अरे, कारखान्यातली पाना-पक्कड इथे चालवू नकोस. माझ्या ओळखीचा माणूस आहे, त्याच्याकडे टाक." ओळखीचा माणूस म्हणजे पश्चिम उपनगरातलं काचेचं, एसी दुकान. भाऊजींचा शब्द मोडवेना. दिला.

देताना एक केलं. मी नोकरीत मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे नट टॉर्क केला की त्यावर रंगाची रेघ ओढतात, अर्धी नटावर, अर्धी बॉडीवर. नट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. फोर्कच्या तळाच्या दोन्ही बोल्टांवर बायकोच्या नेलपॉलिशने अशीच बारीक रेघ मारून ठेवली. संशय होता का? थोडा होताच.

फोर्क परत आला. बिलावर 'फोर्क लोअर सर्व्हिस, सील क्लीनिंग', अडीच हजार रुपये. स्टँचियन, म्हणजे लोअरमध्ये सरकणाऱ्या वरच्या नळ्या, सिलिकॉन स्प्रे मारून असे चकचकीत केलेले की तोंड बघून घ्यावं. उलटा करून पाहिला तर दोन्ही रेघा जशाच्या तशा. ते दोन बोल्ट काढल्याशिवाय लोअर निघूच शकत नाहीत, त्यामुळे वादाला जागाच नव्हती. फोन केला तर म्हणे, "साहेब, आम्ही वरून ऑइल सोडतो, आमची पद्धत वेगळी आहे." वरून कुठून? वरचं काही आत जाऊ नये म्हणून तर तिथे वायपर सील, ते चिखल-पाणी अडवणारं रबर, बसवलेलं असतं!

भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "त्याने पुसून परत मारली असेल रेघ." स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "दुकानात आता नेलपॉलिशही ठेवतात का हो?" भाऊजी गप्प बसले, पण मानलं नाही. अजूनही मानत नाहीत.

मग एका रविवारी त्यांना चहाला बोलावलं आणि त्यांच्यासमोरच फोर्क उघडला. पुढचं चाक आणि ब्रेकचा कॅलिपर बाजूला केला, रिबाउंडची (दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो ते ठरवणारी) नॉब ओढून काढली, दोन्ही बोल्ट तीन-चार फेरे सैल केले आणि ॲलन की तशीच बोल्टात ठेवून रबरी हातोडीने टोले दिले. आतला शाफ्ट लोअरमधून सुटला की टोल्याचा आवाज बदलतो, हातालाही कळतं. बोल्ट पूर्ण काढून लोअर खाली ओढले. डाव्या पायातून चमचाभर गढूळ तपकिरी पाणी आणि लाल रेतीचा गाळ. तेलाचा वास नाही, साचलेल्या पाण्याचा कुबट वास. वायपरखालची फोम रिंग चिमटीत धरली तर कुरकुर वाजली, आत चिखल वाळून बसलेला. उजव्या पायातून थोडं काळं ऑइल निघालं, त्यावर भाऊजी लगेच, "बघ, ऑइल आहे की!" ते कंपनीतून भरून आलेलं होतं हो, दुकानाचं नव्हे.

सगळं आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसलं, फोम रिंगा धुऊन नव्या ऑइलमध्ये भिजवल्या, सीलच्या ओठांना सस्पेन्शनचं ग्रीस लावलं, लोअर अर्धे चढवून तळाच्या भोकांतून ऑइल सोडलं, नवे क्रश वॉशर (आवळताना चेपून ऑइल अडवणारे) टाकून बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. त्यानंतर हँडलवर नुसता भार दिला तरी फोर्क खाली जायला लागला. भाऊजींनी स्वतः दोनदा दाबून पाहिला आणि मेगाब्लॉकचा विषय काढला.

सामानाचं म्हणाल तर आयसोप्रोपाइल लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे मिळतं. टॉर्क रेंच, रबरी हातोडी, साध्या ओ-रिंगा नागदेवीला. वायपर सील मात्र तुमच्या मॉडेलचेच मागवा, तिथे मापं जुळवत बसू नका. लोअरमधलं ऑइल फक्त वंगणाचं काम करतं, डॅम्पिंगचं, म्हणजे फोर्कची उसळी आवरणारं ऑइल वेगळ्या बंद नळीत, डॅम्परमध्ये असतं. त्यामुळे लोअरमध्ये मोटरसायकलचं फोर्क ऑइल टाकलं तर आभाळ कोसळत नाही. डॅम्परमध्ये ते घालू नका. डब्यावर 10डब्ल्यू लिहिलेली दोन कंपन्यांची तेलं प्रत्यक्षात सारखीच घट्ट असतील असं नाही, खरा आकडा सेंटिस्टोकचा, तेलाच्या घट्टपणाच्या मापाचा. आणि 'थोडं जास्त टाकू' हा मोह आवरा. ऑइल वाढलं की लोअरमधल्या हवेला जागा कमी पडते आणि शेवटचा ट्रॅव्हल मिळत नाही, म्हणजे फोर्क पूर्ण दबत नाही. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक पायाचे मिलिलिटर दिलेले असतात, ते पाळा.

डब्ल्यूडी-40 सीलवर मारणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. ते आतलं ग्रीस धुऊन काढतं. भाऊजी मारतात.

रॉकशॉक्सवाले लोअर सर्व्हिस सायकल चालवल्याच्या दर 50 तासांनी सांगतात, फॉक्स ही दुसरी फोर्क कंपनी 125 तास किंवा एक वर्ष. मी तास मोजत बसत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि पाऊस गेला की एकदा. समुद्राकाठी राहत असाल तर जास्त लक्ष द्या. बऱ्याच फोर्कचे लोअर मॅग्नेशियमचे असतात, रंगाचा टवका उडाला की खारी हवा त्यांना खाते.

तरी दुकानातच द्यायचा असेल तर बोल्टांवर रेघ मारून द्या, आणि निघालेलं जुनं ऑइल आणि जुने वॉशर पिशवीत घालून परत मागा. त्यावर दुकानदाराचा चेहरा कसा होतो ते बघितलं की पुढचं तुम्हीच ठरवाल. सगळी दुकानं चोर आहेत असं माझं म्हणणं नाही. ठाण्यात एक पोरगा आहे, गिऱ्हाइकाला समोर बसवून फोर्क उघडतो. माझं भांडण न उघडता बिल करणाऱ्यांशी आहे. आणि 'ओळखीचा आहे' म्हणून त्यांची वकिली करणाऱ्यांशीही.

हो, एक फार महत्त्वाचं मागेच राहिलं. एअर फोर्क असेल तर बोल्टाला हात लावण्याआधी वरच्या व्हॉल्व्हमधून सगळी हवा सोडा, फोर्क एकदा दाबून पुन्हा सोडा. दाबाखालची नळी उघडली तर इजा होते. परत भरायला शॉक पंपच (जास्त दाबाचा छोटा हातपंप) लागतो, साधा पंप नाही चालत. ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर ऑइलचा थेंब जाऊ देऊ नका. डॅम्परचं ब्लीडिंग, म्हणजे त्याच्या ऑइलमधली हवा काढणं, पहिल्याच फटक्यात घरी करू नका. वॉरंटी चालू असेल तर आधी तिच्या अटी वाचा. आणि तुमचा फोर्क सनटूर एक्ससीटीसारखा स्प्रिंगवाला असेल तर वरचं ऑइलपुराण तुमच्या कामाचं नाही. त्यात साफसफाई आणि ग्रीस, बस्स. आतले बुश (ज्यांवर नळ्या सरकतात त्या कड्या) झिजून फोर्क खडखडत असेल तर त्यावर पैसे घालू नका.

मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. लिहिलंत तर मिलिलिटर आणि टॉर्कचे आकडे मॅन्युअलमधून काढून देतो.