पाळीचे खाडे : एंडोमेट्रिओसिसवर वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत पाळीतल्या दुखण्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले आहेत. पत्रं सोलापूर शहरातली आहेत, तशी बार्शी, मोहोळ, अक्कलकोटकडचीही आहेत. नावं देत नाही, पण प्रश्न जमेल तितके लिहिणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

माझी मुलगी 17 वर्षांची, बारावीला आहे. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत उलट्या होतात, पाय पोटाशी घेऊन पडून राहते, कॉलेज आणि क्लास दोन्ही बुडतात. सोनोग्राफी नॉर्मल आली. सासूबाई म्हणतात, लग्न होऊन एक मूल झालं की आपोआप थांबतं. – एक आई, जुळे सोलापूर

ताई, सासूबाई काळजीनंच बोलतात, पण तेवढं एक ऐकू नका. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही एका मुलीला हेच सांगितलं होतं. ती सात वर्षांनी मूल होत नाही म्हणून परत आली तेव्हा दोन्ही अंडाशयं मागच्या बाजूला आतड्याला चिकटलेली होती. लवकर ओळखलं असतं तर चित्र किती वेगळं असतं हे कुणीच सांगू शकत नाही, पण त्या सात वर्षांचं दुखणं तरी नक्की कमी करता आलं असतं. ते मी विसरलेले नाही.

गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तसंच अस्तर गर्भाशयाच्या बाहेर रुजतं. अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागे, आतड्यावर, कधी मूत्राशयावर. यालाच एंडोमेट्रिओसिस म्हणतात, आणि तुमच्या मुलीला तो असू शकतो. पाळीच्या संप्रेरकांबरोबर (हार्मोन्सबरोबर) तेही दर महिन्याला फुगतं, त्यातून रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग सूज येते आणि आतले अवयव एकमेकांना चिकटत जातात. पाळीचं थोडं रक्त गर्भाशयाच्या नळ्यांतून उलटं पोटात जातं, म्हणून असं होतं, असं सॅम्पसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1920 च्या दशकात मांडलं. पण रक्त उलटं जाणं बहुतेक सगळ्याच बायकांमध्ये घडतं. त्यामुळे एवढं एकच कारण पुरत नाही. आनुवंशिकतेचा आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीचाही त्यात हात असतो. तुम्हाला, मावशीला किंवा आत्याला असाच त्रास असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळीच्या वयातल्या साधारण 10 टक्के मुली-बायकांना हा आजार आहे, म्हणजे जगभरात सुमारे 19 कोटी. तुमच्या मुलीच्या वर्गात पन्नास मुली असतील तर हिशोब तुम्हीच करा.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही, असं होत नाही. सोनोग्राफीत अंडाशयातली गाठ दिसते. पोटाच्या पडद्यावरचे बारीक ठिपके दिसत नाहीत. पूर्वी दुर्बिणीनं पोटात बघितल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. आता लक्षणांवरून उपचार सुरू करायला जगभरचे तज्ज्ञ मान्यता देतात, त्यामुळे मुलीला लगेच ऑपरेशन टेबलावर न्यायची गरज नाही.

आजपासून एक काम करा. घरात भिंतीवर जे कॅलेंडर आहे, ज्यावर दुधाचे खाडे लिहिता, त्यावरच तिचे खाडे लिहा. पाळी कधी आली, किती दिवस दुखलं, दहापैकी किती दुखलं, संडासला किंवा लघवीला दुखलं का, पाळी नसतानाही दुखलं का, किती दिवस कॉलेज बुडलं. तीन महिन्यांचं असं कॅलेंडर घेऊन एक मुलगी आली होती. तिनं दुखण्याच्या दिवशी बॉलपेन इतकं दाबून गोल केला होता की मागच्या पानावर तो उमटला होता. मला त्या पानावरून जे कळलं ते दोन सोनोग्राफींवरून कळलं नव्हतं.

औषधाबद्दल. मेफेनॅमिक अॅसिडसारखी वेदनाशामक गोळी दुखणं डोक्यावर बसल्यावर घेतली तर फार उपयोग होत नाही. चाहूल लागली की लगेच, खाऊन, आणि मग डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानं दोन-तीन दिवस नियमित घ्यायची. दमा, किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर आधी विचारा. दोन-तीन पाळ्यांत फरक पडला नाही तर पुढची पायरी संप्रेरकांच्या गोळ्यांची. ‘कुमारिकेला गर्भनिरोधक गोळ्या?’ असं म्हणून खूप आया इथंच थबकतात. इथं त्या गोळ्या औषध म्हणून द्यायच्या असतात. त्यांनी वंध्यत्व येत नाही; बंद केल्या की पाळी पूर्ववत सुरू होते. फक्त ज्यांना डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी आहे, रक्ताच्या गुठळीचा इतिहास आहे किंवा रक्तदाब आहे, त्यांना इस्ट्रोजेन असलेली गोळी चालत नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या आहेत.

आणि बारावीचं वर्ष आहे. परीक्षेच्या तारखा आणि पाळीच्या तारखा आत्ताच शेजारी शेजारी मांडून डॉक्टरांना दाखवा.

वय 31. युनिफॉर्म शिवायच्या युनिटमध्ये काम करते. आषाढीला पंढरपूरला जायचं म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. त्या महिन्यात कंबर, पोट, काहीच दुखलं नाही. इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. मग मी त्याच गोळ्या कायम घेऊ का? – अशोक चौक

तुम्ही फार महत्त्वाची गोष्ट स्वतःच हेरली आहे. आपल्या भागात आषाढी-कार्तिकीला आणि इकडं सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला या गोळ्या घेणाऱ्या बायका खूप, पण असा विचार फारच थोड्या करतात. त्या गोळीत नॉरएथिस्टेरोन असतं, आणि तेच औषध एंडोमेट्रिओसिसच्या उपचारातही वापरतात. पाळी थांबली, अस्तराला फुगायला वाव राहिला नाही, म्हणून तुमचं दुखणं थांबलं. तुमचं दुखणं संप्रेरकांवर अवलंबून आहे याची ही चांगली खूण आहे.

पण पाळी ढकलायला दिवसातून तीन गोळ्या घेतात. कायमच्या उपचारात मात्रा बहुधा त्याहून कमी असते आणि आधी तपासणी लागते. गर्भ राहिलेला नाही ना, यकृत ठीक आहे ना, कधी पायात गुठळी झाली होती का, हे विचारल्याशिवाय कुणीही ती महिनोन्महिने घेऊ नये. मेडिकलवाला हे विचारणार नाही, ते त्याचं कामही नाही.

यासाठी सध्या जास्त वापरात आहे ती डायनोजेस्ट, 2 मिलिग्रॅमची, रोज एक, ठरावीक वेळी, मध्ये खंड न पाडता. पहिले दोन-तीन महिने मधूनमधून डाग पडतात, आणि नेमक्या त्याच वेळी बायका ‘सोसत नाही’ म्हणून ती सोडून देतात. तेवढा काळ काढला तर बहुतेकींचे डाग कमी होतात. मन उदास राहिलं, डोकं दुखलं तर मात्र सहन करत बसू नका, सांगा, बदलता येते. वर्षानुवर्षे घ्यायची असेल तर हाडांकडेही लक्ष ठेवावं लागतं. एवढ्या मात्रेला तिच्यावर गर्भनिरोधक म्हणून विसंबू नका. आणखी एक सोय म्हणजे गर्भाशयात बसवायची संप्रेरकाची टी. एकदा बसवली की पाच वर्षं तरी चालते, आणि शिवणाच्या मशीनवर दिवसभर बसणाऱ्या बाईला रोजची गोळी लक्षात ठेवायची कटकट राहत नाही. सुरुवातीचा खर्च जास्त असतो. तुमच्याकडे ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर तिथं आधी विचारा.

आमच्या लग्नाला चार वर्षं झाली. पत्नी 29 वर्षांची. दोन्ही अंडाशयात चॉकलेट सिस्ट, साधारण चार सेंटिमीटर. एएमएच (अंडाशयात किती बीजं उरली याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) कमी आलं. एक डॉक्टर म्हणतात गाठी काढा, दुसरे म्हणतात थेट टेस्ट ट्यूब बेबी करा. तिसऱ्यांनी सहा महिने इंजेक्शन घ्यायला सांगितलंय. कुणाचं ऐकायचं? – होटगी रोड

तिघांनीही तुम्हाला फसवलेलं नाही. मतं वेगळी का येतात, ते सांगते.

चॉकलेट सिस्ट म्हणजे अंडाशयात साठलेलं जुनं, घट्ट, चॉकलेटच्या रंगाचं रक्त. दुर्बिणीनं गाठ सोलून काढताना तिच्या भिंतीला चिकटलेलं निरोगी अंडाशयही थोडं निघून येतं. सोललेला तुकडा मी हातात घेते तेव्हा बघते, बाहेरून संत्र्याच्या सालीसारखा पापुद्रा आणि त्याला लागून आलेला पांढुरका पट्टा. त्या पांढुरक्या पट्ट्यात स्त्रीबीजं असतात. दोन्ही बाजूंच्या गाठी आणि आधीच एएमएच कमी, अशा वेळी हात आखडता घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दुखणं असह्य असेल, गाठीचं स्वरूप संशयास्पद वाटत असेल किंवा तिच्यामुळे बीज काढायला वाटच मिळत नसेल, तर ऑपरेशनला अर्थ आहे. नुसती सुईनं गाठ रिकामी केली तर ती पुन्हा भरते.

इंजेक्शनांबद्दल नीट ऐका. डायनोजेस्ट असो की पाळी बंद करणारी इंजेक्शनं, दुखणं त्यांनी कमी होतं, पण ती घेत असताना बीज सहसा तयार होत नाही, म्हणजे गर्भ राहण्याची आशा धरता येत नाही. ‘सहा महिने इंजेक्शन, मग नैसर्गिक प्रयत्न’ यानं गर्भ राहण्याची शक्यता वाढत नाही. तुमचे सहा महिने जातात.

तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच दिसली नाही. तुमची स्वतःची वीर्य तपासणी झाली आहे का? नसेल तर आधी ती करा. चार वर्षांत पत्नीच्या तीन डॉक्टरांच्या फाइली झाल्या आणि नवऱ्याचा एक कागद नाही, असं मी नेहमी बघते. त्यासोबत नळ्या उघड्या आहेत का ते बघा, आणि गर्भाशयाच्या क्षयाचा विचार झाला आहे का तेही विचारा; आपल्याकडे तो वगळता येत नाही. एएमएच कमी म्हणजे बीजांची संख्या कमी, त्यावरून नैसर्गिक गर्भ राहणारच नाही असं ठरत नाही. पण वेळ महत्त्वाचा आहे, हे नक्की ठरतं. बाकीच्या तपासण्यांत अडचण दिसली तर टेस्ट ट्यूब बेबी सांगणाऱ्या डॉक्टरांच्या बाजूनं मी मत देईन.

सिझर झाल्यावर दोन वर्षांनी टाक्यांच्या जागी सुपारीएवढी गाठ आली. पाळीत ती ठणकते, नंतर शांत होते. हर्निया आहे का? – बार्शी

पाळीबरोबर ठणकणारी टाक्यांतली गाठ ही बहुधा टाक्यातला एंडोमेट्रिओसिस असते. ऑपरेशनच्या वेळी अस्तराच्या पेशी तिथं राहून रुजतात. पोटावरून सोनोग्राफी केली की हर्निया आहे की नाही हेही कळतं. उपाय म्हणजे ती गाठ आजूबाजूच्या थोड्या निरोगी भागासकट काढणं. ‘पू झालाय’ म्हणून चिरा देऊ नका.

वय 41, दोन मुलं. विड्या वळते. पाळीत आणि पाळीच्या आधी आठवडाभर कंबर, मांड्या, संडासच्या जागी जीवघेणं दुखतं. बसवत नाही, हजार विड्या होत नाहीत. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका, सगळं संपेल. – कुंभारी

विडी वळणाऱ्या बायका मी रोज बघते. दुखायला लागलं की मांडीवरच्या सुपाची कड ओटीपोटात रुतवून धरतात आणि वळत राहतात, कारण हजाराचा हिशोब संध्याकाळी द्यायचा असतो. तुमची घाई मला समजते. तरी घाई करू नका.

पिशवी म्हणजे गर्भाशय. एंडोमेट्रिओसिस त्याच्या बाहेर असतो. तुम्हाला संडासच्या जागी दुखतं, म्हणजे गर्भाशय आणि आतड्याच्या मधल्या जागेत आजार खोल गेला असण्याची शक्यता आहे. नुसती पिशवी काढली आणि तो भाग तसाच ठेवला, तर दुखणं राहील. अंडाशयंही काढली तर बरं वाटतं, पण 41 व्या वर्षी पाळी जाते, अंगातून वाफा निघतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. मग वयाच्या पन्नाशीपर्यंत संप्रेरकं द्यावी लागू शकतात. हे कुणी आधी सांगत नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये राज्यभर गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, ते आठवत असेल.

याचा अर्थ पिशवी कधीच काढू नये असा नाही. गोळ्यांनी गुण आला नाही, मुलं झाली आहेत आणि गर्भाशयाच्या भिंतीतही आजार आहे, तेव्हा ते योग्यच ऑपरेशन आहे. पण डॉक्टरांना हे विचारा: आजार नेमका कुठे कुठे आहे? एमआरआय लागेल का? पिशवीबरोबर आतड्याजवळचा भागही काढणार का, आणि त्यासाठी आतड्याचे सर्जन सोबत असतील का? अंडाशयं ठेवणार की काढणार? त्याआधी डायनोजेस्ट तीन ते सहा महिने देऊन बघता येईल का?

इथं शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं सिव्हिल हॉस्पिटल आहे, तिथला स्त्रीरोग विभाग गाठा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. आणि काम करताना दर तासाला उठून दोन मिनिटं चाला. त्यानं आजार जात नाही, पण आखडलेले स्नायू सुटतात.

रक्तातलं सीए-125 तपासलं, 62 आलं. कॅन्सर आहे का? आणि दूध, गहू बंद करू का? – सात रस्ता

35 च्या वर गेलं की कागदावर ठळक अक्षरांत छापतात, म्हणून घाबरायला होतं. एंडोमेट्रिओसिसमध्ये, फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयाच्या साध्या गाठींत), पोटाच्या क्षयात, इतकंच काय, पाळी चालू असतानाही हा आकडा वाढतो. एकट्या या आकड्यावरून कॅन्सर ठरत नाही आणि एंडोमेट्रिओसिसही ठरत नाही. या आजारात अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो हे खरं, पण शंभरातल्या सत्त्याण्णव जणींना तो कधीच होत नाही. सोनोग्राफीत गाठ कशी दिसते हे जास्त महत्त्वाचं, तो रिपोर्ट दाखवा.

गहू-दूध बंद करून सगळ्यांना गुण येतो याला पुरेसा पुरावा नाही. तुमची ज्वारीची भाकरी, पालेभाजी, शेंगाची चटणी चालू द्या. एखाद्या पदार्थानं तुमचं पोट फुगत असेल तर तोच महिनाभर टाळून बघा.

पत्नीला संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं. ती टाळते, मला वाटलं तिला मी आवडत नाही. परवा रडत म्हणाली, दुखतं म्हणून. मी काय करू? – एमआयडीसी, अक्कलकोट रोड

तुम्ही विचारलंत, हे खूप झालं. हे दुखणं खरं आहे, मनाचा खेळ नाही. गर्भाशयाच्या मागे आजार असला की नेमकं खोलवर दुखतं. काही काळ संबंध टाळायचे की नाही हे तिला ठरवू द्या, आणि ते नसतानाही तिच्याशेजारी बसा. दुखण्याच्या भीतीनं ओटीपोटाचे खालचे स्नायू आवळले जातात, त्यासाठी त्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट मदत करतात. पुढच्या तपासणीला तिच्यासोबत आत या. बाहेरच्या बाकावर बसू नका. आणि डॉक्टरांनी ‘अजून काही त्रास?’ विचारलं की ‘संबंधाच्या वेळी दुखतं’ हे वाक्य उच्चारायला तिला अवघड जाईल. तिची परवानगी घेऊन ते तुम्ही सांगा.