म्युनिकला येताना मुलीच्या शाळेचा विचार

आपली मुलगी तिसरीत जाणार आहे, कंपनी आणखी वर्षभर थांबायला तयार आहे, तेव्हा म्युनिकला यंदा यावे की पुढच्या वर्षी, आणि तिला गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी माध्यमिक शाळा, मिळेल का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की सप्टेंबरच्या मध्यात येथील शाळा सुरू होण्यापूर्वी, यंदाच यावे.

म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बायर्नमध्ये प्राथमिक शाळा चौथीलाच संपते आणि त्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला मिळणाऱ्या गुणपत्रिकेवर पुढची वाट ठरते. जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिन्हींची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम, २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची माध्यमिक शाळा. येथे १ ही सर्वोत्तम आणि ६ ही सर्वांत खालची श्रेणी असते. जी परभाषिक मुले पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती, त्यांची भाषेतील उणीव भरून निघण्याजोगी वाटल्यास ३.३३ पर्यंत सवलत मिळू शकते, पण तिच्यावर विसंबून येण्याचा बेत आखू नये.

आपल्याकडची मुले पाढ्यांत पक्की असतात, म्हणून पालक गणिताबाबत निर्धास्त राहतात. प्रत्यक्षात शाब्दिक उदाहरण जर्मनमध्ये वाचून समजावे लागते आणि आकडेमोड बरोबर आली तरी शेवटी उत्तराचे पूर्ण वाक्य लिहावे लागते. शिवाय वर्गात बोट वर करून बोलण्यालाही मोल असते, त्यामुळे हुशार पण अबोल मूल नाहक मागे पडते. या सगळ्याला दोन वर्षे लागतातच. थेट चौथीत आलेल्या मुलीवर आठ महिन्यांत हा भार टाकणे मला अन्यायाचे वाटते.

गिम्नाझियम पाचवी ते तेरावी असते, सरकारी शाळेला फी नसते आणि सहावीपासून लॅटिन किंवा फ्रेंचसारखी दुसरी परकीय भाषा येते. शेवटची आबिटूर परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर विद्यापीठाचे दार उघडते. मात्र रेआलशूल मिळाली तर नशीब फुटले असे कृपया मानू नका, मुलीसमोर तर मुळीच नाही; दहावीनंतर फाखओबरशूल या उच्च माध्यमिक शाळेत तेरावीपर्यंत शिकूनही विद्यापीठात जाता येते. भरमसाट फीची इंटरनॅशनल शाळा दोन-तीन वर्षांत परतायचे असेल तरच विचारात घ्यावी.

सरकारी प्राथमिक शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते. म्हणून भाडेकरार करण्यापूर्वी त्या पत्त्याला कोणती शाळा लागू आहे आणि नवागत मुलांना जर्मन शिकवण्याची तिथे काय सोय आहे, हे शाळेच्या कार्यालयात फोन करून विचारून घ्यावे.