चढावर घाम, उतारावर हुडहुडी

प्रश्न : डिसेंबरात पहाटे सायकलने सिंहगडावर जातो. जाड जॅकेट घालूनही उतरताना हुडहुडी भरते. काय चुकतंय?

उत्तर : जॅकेटच चुकतंय. चढावर घाम आत कोंडतो, मग उतारावर वारा लागला की ओले कपडे अंग गार करतात. अंगालगत सुती बनियन नको, ते घाम धरून ठेवतं. पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट घाला. त्यावर पूर्ण बाह्यांची जर्सी. पातळ विंडचीटर पाठीच्या खिशात. निघताना पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजायलाच हवी. माथ्यावर पोचताच, घाम निवायच्या आत, विंडचीटर चढवून चेन गळ्यापर्यंत ओढा. हातमोजे पूर्ण बोटांचेच घ्या. बोटं बधिरली की ब्रेक नीट दाबला जात नाही.