बाबांच्या विंडोज ७ वर मराठी मेनू हवेत, तर आधी त्यांचं वेगळं खातं काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तासगावला वडील बेदाण्याचा हिशोब विंडोज ७ वर ठेवतात. त्यांना मेनू मराठीत हवेत, आणि त्या जुन्या हिशोबाच्या प्रोग्राममध्ये एफ१ दाबलं तर मदत उघडत नाही. दोन्ही जमण्यासारखं आहे. मिरजेत सासऱ्यांच्या संगणकावर मी हेच केलंय.

सगळ्यात आधी हिशोबाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत ज्यांची अशी प्रत वरच्या मजल्यावर होती, त्यांचेच हिशोब वाचले.

मग बाबांसाठी वेगळं यूजर अकाउंट काढा. दिसण्याची भाषा खात्यागणिक ठरते, त्यामुळे तुमचं खातं इंग्रजीतच राहील आणि अडलं तर तिथून सगळं तपासता येईल. आता विंडोज ७ मध्ये भाषा बदलणाऱ्या फाइलींचे, म्हणजे पॅकचे, दोन प्रकार आहेत. संपूर्ण लँग्वेज पॅक विंडोज ७ च्या फक्त अल्टिमेट आणि एंटरप्राइझ या आवृत्त्यांना चालतो. मराठीचा आहे तो लँग्वेज इंटरफेस पॅक, म्हणजे नेहमीचे मेनू आणि खिडक्या तेवढ्या बदलणारा. तो होम किंवा प्रोफेशनलवरही बसतो, पण खाली इंग्रजी विंडोज लागतं. ३२ बिट आणि ६४ बिटची फाइल वेगळी असते. स्टार्ट मेनूतल्या 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये बघून घ्या. फाइल मायक्रोसॉफ्टच्याच पानावरून घ्या. तिथे मिळाली नाही तर भलत्या साइटवरून उचलू नका, त्यापेक्षा इंग्रजी मेनू परवडले. बसवून झाल्यावर बाबांच्या खात्यात कंट्रोल पॅनेल, रीजन अँड लँग्वेज, कीबोर्ड्स अँड लँग्वेजेस इथे मराठी निवडा आणि लॉग ऑफ करून परत या.

त्याच खिडकीतल्या फॉरमॅट्सला मात्र हात लावू नका. मी लावला होता. तिथे आधी अमेरिकी पद्धत होती, महिना आधी आणि दिवस नंतर. मराठी निवडल्यावर सासऱ्यांच्या ५ जूनच्या नोंदी ६ मे म्हणून दिसायला लागल्या. परत जुनं फॉरमॅट लावल्यावर तारखा जागेवर आल्या, पण ती संध्याकाळ त्यांनी फार काळजीत काढली. जुने प्रोग्राम तारीख कशी वाचायची ते तिथूनच ठरवतात.

बाबांना आधीच सांगून ठेवा की सगळं मराठी होणार नाही. स्टार्ट मेनू आणि नेहमीच्या खिडक्या बदलतात, पण विंडोजची मदत बरीचशी इंग्रजीतच राहते, आणि हिशोबाचा प्रोग्राम त्याच्या स्वतःच्या भाषेतच.

आता मदत. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये मदतीची फाइल एचएलपी आहे की सीएचएम, म्हणजे नावाच्या शेवटी .hlp आहे की .chm, ते बघा. एचएलपी उघडणारा प्रोग्राम व्हिस्टापासून विंडोजबरोबर येत नाही. विंडोज ७ साठी मायक्रोसॉफ्टने तो वेगळा दिला होता. सीएचएम असेल आणि उजवी बाजू कोरी दिसत असेल, तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक' दाबा. नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकातून ती उघडत नाही, आपल्याच डिस्कवर आणून ठेवा.

विंडोज ७ चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, म्हणून या संगणकावर बँकेचं काम करू नका. जमलं तर त्याला इंटरनेट जोडूच नका.

एवढं करूनही सासऱ्यांना खरा उपयोग झाला तो मी लिहून दिलेल्या एका पानाचा. सौद्याची पावती कशी काढायची, अडत कुठे भरायची, चुकीची नोंद कशी खोडायची, सगळं त्यांच्याच शब्दांत, डेस्कटॉपवर. तुम्हीही बाबांजवळ बसून, ते जसं बोलतात तसंच लिहा. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग एएनएसआय असतं, ते बदलून यूटीएफ-८ करा, नाहीतर पुढच्या वेळी उघडल्यावर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतील.