पुस्तक वाचून मुलगी ‘तशी’ होते का?

“मॅडम, हे वाचूनच तिच्या डोक्यात खूळ शिरलंय. आधी आमची पोर अशी नव्हती.” सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका आईंनी मुलीच्या दप्तरात सापडलेली कादंबरी माझ्यासमोर ठेवली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नॅन्सी गार्डनची १९८२ सालची ‘अ‍ॅनी ऑन माय माइंड’, दोन मुलींच्या प्रेमाची गोष्ट. अशी भीती घेऊन बरेच पालक येतात.

बारावीतली मुलगी एकटी बोलायला बसली, तेव्हा क्रम उलटा निघाला. स्वतःबद्दल तिला आठवीपासून ठाऊक होतं. पुस्तक आलं यंदा. “तोवर वाटायचं, जगात अशी मी एकटीच.” तिला त्यात काय आवडलं, हे मी मुद्दाम विचारलं. प्रेमाच्या आधी ती कादंबरीतल्या दोघींपैकी एकीबद्दल, लायझाबद्दलच बोलत राहिली. लायझाला आर्किटेक्ट व्हायचंय, शाळेत तिच्यावर जबाबदारी आहे, ती घाबरते, चुकतेही. “ती पूर्ण माणूस आहे, मॅडम. नुसती ‘तसली’ नाही.”

पुस्तकांत असं पात्र सहज मिळालेलं नाही. जॉन डोनोव्हन यांच्या १९६९ च्या किशोर कादंबरीत मित्राचं चुंबन घेतलेल्या डेव्हीचा लाडका कुत्रा गाडीखाली जातो आणि पोराला वाटतं, ही आपल्यालाच शिक्षा. गार्डनच्या गोष्टीत लायझाला शाळेत फार सोसावं लागतं, पण शेवटी त्या दोघी एकमेकींपाशी परततात. एकटं पडलेल्या मुलीला असा शेवट वाचायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

आईंचा पुढचा प्रश्न होता, “यावर औषध?” औषध नाही, कारण हा आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे पोरीला मुळीच नेऊ नका. असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवलं आहे.

पुस्तक तिला परत द्या, म्हटलं, आणि तिच्याकडूनच गोष्ट ऐका. आईंना इंग्रजी वाचायची सवय नाही. आता रात्री स्वयंपाकघर आवरताना मुलगी त्यांना एकेक प्रकरण मराठीत सांगते. आई अजून घाबरलेल्या आहेत. वडिलांना कधी सांगायचं ते मुलगी ठरवेल. मावशीने आणलेलं स्थळ मात्र आजच नाकारा, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.