अभंग, पद की तत्त्वपद?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका भजनी मंडळाचा आहे. सप्ताहात एका रात्री शेजारगावची कन्नड मंडळी भजनाला येणार, पत्रिका मराठीत छापायची. 'आमचे अभंग आणि त्यांची तत्त्वपदं एकच का? दोन्हींना मिळून "आत्मगीत" लिहिलं तर चालेल का?'

एकच नव्हेत. अभंग हे नाव मापावरून पडलंय, तत्त्वपद हे आशयावरून.

मोठ्या अभंगाचं माप बोटांवर मोजून बघा. तुमच्याकडे रूपाचा अभंग म्हणून रोज म्हणता तोच घ्या : 'सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया'. 6, 6, 6 आणि 4 अक्षरं. लघु-गुरूची भानगड नाही, जोडाक्षर एकच धरायचं. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. चौथा चरण दोन अक्षरांनी तोकडा, म्हणून तर 'ठेवोनिया' ओढून म्हणावं लागतं. लहान अभंगात दोनच चरण, बहुधा 8-8 अक्षरांचे. मजकूर भक्तीचाच हवा असंही नाही. महात्मा फुल्यांनी याच धर्तीवर समाजाला खडे बोल सुनावले आणि त्या रचनांना 'अखंड' म्हटलं. 'जो भंगत नाही तो अभंग' हे निरूपणात शोभतं, पण त्यावरून रचना ओळखता येत नाही.

'पद' हा शब्द कन्नडात फारच ऐसपैस. जात्यावरच्या ओव्या म्हणजे 'बीसुकल्लिन पद', डफावरचं शाहिरी गाणं ते 'गीगी पद'. मराठीत तो कीर्तनात आणि नाटकात राहिला. संगीत नाटकातली पदं घरोघरी पोचवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हे जाता जाता. तर तत्त्व सांगणारं पद ते तत्त्वपद. अक्षरं किती, याच्याशी त्या नावाला देणंघेणं नाही.

आता खरी गंमत. तत्त्वपदाचं सख्खं भावंड शोधायचं तर अभंगापेक्षा भारुडाकडे बघा. कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफांचं (1819–1889) पद ती मंडळी म्हणतीलच : घराचं माळवद गळतंय, अज्ञानामुळे गळतंय. घर म्हणजे हा देह. पावसाळ्यात माळवदाखाली भांडी मांडलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. नाथांच्या भारुडातला विंचूही असाच, चावतो कामक्रोधाचा. वर साधा संसार, आत अध्यात्म. भारूड सोंग घेऊन उभं राहतं आणि तत्त्वपद एकतारीवर बसून म्हणतात, पण बोलण्याची रीत तीच.

शेवटच्या ओळीत मात्र आपली माणसं हमखास फसतात. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' अशी कवीच्या नावाची मुद्रा ऐकायची आपल्याला सवय. कन्नडात तिला 'अंकित' म्हणतात, आणि तिथे बहुतेक वेळा देवाचं नाव येतं : बसवण्णांच्या वचनांत 'कूडलसंगमदेव', शरीफांच्या पदांत 'शिशुनाळाधीश'. पुरंदरदासांचं अंकित 'पुरंदर विठ्ठल'. 'विठ्ठल' कानावर पडला की मागून कुणीतरी म्हणतंच, "अभंगच म्हणायलेत की!" अभंग नव्हे, ती कन्नड हरिदासांची रचना, कीर्तन किंवा देवरनाम. निवेदन करणाऱ्याला एवढं आधी सांगून ठेवा.

'आत्मगीत' मला पटत नाही. 'आत्मचरित्र', 'आत्मवृत्त' या शब्दांच्या शेजारी ते जाऊन बसतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, बुवा स्वतःचीच कहाणी गाणार. 'आध्यात्मिक गीतं' चुकीचं नाही, पण त्याला सरकारी कार्यक्रमाचा वास येतो. तुमचे शब्द तयारच आहेत. सरळ छापा : 'अभंग, गौळण, भारूड आणि कन्नड तत्त्वपदे'. छापखान्यात 'तत्व' असं एकाच त-चं होऊन येईल. मूळ 'तत् + त्व', तेव्हा प्रूफ बघताना 'तत्त्व' करून घ्या.