पावसाळ्यात गाडी उभी ठेवताना

भावा, दोन-अडीच महिने गाडी हलणार नसेल तर आधी जागा बघ. पंचगंगेचं पाणी 2019 आणि 2021 ला कुठवर आलं होतं, गल्लीत कुणालाही विचार. तिथं गाडी लावूच नको.

हँडब्रेक ओढून ठेवू नकोस, दमटपणात ब्रेक धरतात. पहिल्या गिअरमध्ये टाक, चाकांना विटा लाव. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. हवा चार-पाच पॉइंट जास्त भर. गाडीवर झाकायला प्लॅस्टिकचा कागद तर अजिबात नको, आत घाम धरतो.

खरा वैरी उंदीर! माझ्या गाडीत त्यांनी एअर फिल्टरच्या डब्यात शेंगांची टरफलं साठवली होती, वर वायरिंगही कुरतडलं. म्हणून दर आठवड्याला बॉनेट उघडून बघच.